वाकडपर्यंत गार, पुढे गरम: पद्मिनीच्या एसीचं वीस मिनिटांचं दुखणं

गाडी १९८८ची प्रीमियर पद्मिनी. डॅशखाली लोंबणारं जुनं एसी युनिट, इंजिनाशेजारी सँडन ५०८ कंप्रेसर. तक्रार अशी: पुण्यात कोथरूडहून लोणावळ्याकडे निघालं की बाणेरपर्यंत झकास गार. वाकड आलं की जाळीतून येणारी हवा आधी कोमट होते, मग थेट बाहेरच्यासारखी. तळेगावला चहाला थांबायचं, पंधरा-वीस मिनिटांनी निघालं की पुन्हा गार, आणि कामशेत येईतो पुन्हा तोच प्रकार.

चौदा महिन्यांत तीनदा गॅस भरून झाला. प्रत्येक वेळी महिना-दीड महिना बरं चाललं आणि मग हळूहळू तेच. तिसऱ्या वेळी पैसे देताना लक्षात आलं की आपण तापावर क्रोसिन घेत बसलोय, रक्त तपासायचं नावच काढत नाही. गॅस खरंच कमी असता तर गाडी सकाळीसुद्धा नीट गार झाली नसती. इथे पहिली वीस मिनिटं एसी नव्या गाडीला लाजवेल असा चालतो, मग हात टेकतो, आणि विश्रांती मिळाली की पुन्हा उठतो. हे वेगळं दुखणं आहे.

हे दुखणं फक्त पद्मिनीचं नाही. ॲम्बॅसॅडर, काँटेसा, ११८एनई, जुनी ८००, ज्या ज्या गाडीत एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि ड्रायरवालं जुन्या पद्धतीचं एसी आहे, तिथे हाच हिशेब लागू पडतो.

बंद पडतं त्या क्षणी काय बघायचं

वीस मिनिटांनी कूलिंग जाण्याची कारणं माझ्या मते तीनच, आणि बाहेरून तिन्ही सारखीच दिसतात. म्हणून गॅरेजमध्ये गाडी थंड झाल्यावर तपासून उपयोग नाही. गाडी रुसलेली असतानाच, रस्त्याच्या कडेला, इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडायचं. टाय, ओढणी, बाही पट्ट्यापासून लांब.

पहिली नजर कंप्रेसरच्या पुलीवर. पुली तर कायम फिरतेच, तिच्या पुढची चकती फिरतेय का ते बघा. चकती थांबलेली असेल तर मॅग्नेटिक क्लच (पुलीला कंप्रेसरशी जोडणारं विजेचं चुंबक) सुटलाय: एकतर त्याला करंट मिळत नाही किंवा मिळूनही तो पकडत नाही. युनिटला गॅसचा दाब बघून क्लच सोडणारा प्रेशर स्विच नसेल, तर प्रकरण विजेचं आहे, गॅसचं नाही.

चकती फिरतेय, तरी हवा गरम? मग आत या आणि जाळीसमोर हात धरा. हवेचा झोत सुरुवातीपेक्षा कमी झाला असेल, ब्लोअरचा आवाज मात्र तोच, किंबहुना जरा घुसमटल्यासारखा, तर कूलिंग कॉइलवर बाहेरून बर्फ चढलाय. हवा आरपार जायला वाटच नाही. एसी बंद करून नुसता ब्लोअर दहा मिनिटं चालवला की गाडीखाली नेहमीपेक्षा कितीतरी जास्त पाणी पडतं. दोष बहुधा थर्मोस्टॅटचा. त्याची केसासारखी बारीक तांब्याची नळी कॉइलच्या पात्यांत खोचलेली असायला हवी. कुणीतरी कधीतरी युनिट उघडलं आणि बसवताना ती बाहेरच राहिली, हे मी दोन गाड्यांत पाहिलंय. नळी जागेवर असेल तर तिचं टोक मीठ घातलेल्या बर्फाच्या पाण्यात बुडवा. काही सेकंदांत ‘टक’ असा आवाज येऊन काँटॅक्ट उघडला पाहिजे. नाही उघडला तर थर्मोस्टॅट बदला. विषय संपला.

तिसरी शक्यता म्हणजे चकती फिरतेय, झोतही पूर्ण आहे, पण हवा गरम. हा प्रकार सगळ्यात फसवा, आणि माझ्या गाडीत हाच निघाला. यात बर्फ होतो, पण कॉइलच्या बाहेर नाही. एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या आत, सुईएवढ्या भोकात होतो.

व्हॉल्व्हमधला बर्फ

एक्स्पान्शन व्हॉल्व्हचं काम एका ओळीत सांगायचं तर, जास्त दाबाचं द्रवरूप गॅस बारीक भोकातून कमी दाबाच्या कॉइलमध्ये सोडायचं. भोकातून बाहेर पडताच ते एकदम थंड होतं, शून्याच्या आसपास किंवा त्याखाली. सिस्टिममध्ये पाण्याचा अंश असेल तर तो गॅसबरोबर फिरत फिरत इथवर येतो आणि इथेच गोठतो. चिमूटभर बर्फाने भोक बंद. गॅस पुढे जात नाही, कॉइल रिकामी पडते, हवा गरम. एसी बंद केला, आजूबाजूच्या उष्णतेने तो बर्फ वितळला, की भोक मोकळं आणि पुढच्या वीस मिनिटांची हमी. तळेगावच्या चहाचं रहस्य इतकंच.

हे पाणी पकडून ठेवायला रिसीव्हर-ड्रायर असतो. त्याच्या बाटलीत ओल शोषणारे दाणे असतात. पण ते दाणे एकदा भिजून तुडुंब झाले की बाटली नुसती शोभेला. माझ्या गाडीतली बाटली, रंगावरून आणि नटांवरच्या गंजावरून, युनिट बसवलं तेव्हापासूनची असावी.

खात्री करायला गेज लावले. बाहेर ३४ अंश, इंजिन १५०० फेऱ्यांवर धरून. सुरुवातीला लो बाजूला (जिथून कंप्रेसर गॅस ओढतो) ३० पीएसआय, हायला (जिकडे तो ढकलतो) २००च्या जवळपास, म्हणजे अगदी हवे तसे. गाडीतला गॅस, आर-१३४ए, ३० पीएसआयला दीड-दोन अंशांना उकळतो, तेव्हा कॉइल तेवढीच गार. अठराव्या मिनिटाला लोचा काटा हलायला लागला. ३०चा २०, २०चा १०, मग शून्य, आणि बघता बघता काटा शून्याच्या खाली जाऊन १५ इंच (पाऱ्याच्या) व्हॅक्यूमवर टेकला. हायचा काटाही १२०पर्यंत उतरला. कंप्रेसर रिकाम्या ग्लासातली स्ट्रॉ ओढावी तसा ओढत होता, पलीकडून काही येतच नव्हतं.

गॅस कमी असला तरी लो पडतो, म्हणून इथे आणखी एक चाचणी करायची. तिला खर्च काही नाही. डॅशखालच्या युनिटचा हाच फायदा की व्हॉल्व्ह हाताशी असतो. खालचं झाकण काढलं की दिसतो. थर्मासमधलं गरम पाणी पंच्यावर ओतलं, पंचा पिळून व्हॉल्व्हभोवती गुंडाळला आणि गेजकडे बघत बसलो. पाऊण मिनिट काही नाही. मग युनिटमधून ‘सुस्स्स’ असा आवाज आला, लोचा काटा व्हॅक्यूममधून उसळून ३५वर गेला आणि जाळीतून गार वारा सुटला. आरोपीने कबुलीजबाब दिला म्हणायचं. गॅस कमी असता तर गरम पंच्याने काही फरक पडला नसता. व्हॉल्व्हच्या जाळीत कचरा अडकला असता तर तो उष्णतेने वितळला नसता. तो दोष वीस मिनिटं वाट बघत नाही, पहिल्या मिनिटापासून असतो.

पाणी आलं कुठून?

इथे बहुतेक जण थांबतात. ड्रायर बदलला, व्हॅक्यूम मारला, गॅस भरला, चला. मीही थांबलो असतो. पण बंद सिस्टिममध्ये पाणी आपोआप तयार होत नाही. आत यायला त्याला वाट लागते, आणि ती वाट उघडीच राहिली तर नवीन ड्रायरही एक पावसाळा जेमतेम काढेल.

आधीच्या तीन भेटींत लीक शोधायचा प्रयत्न झाला नव्हता असं नाही. एका कारागिराकडे जुन्या पद्धतीची लीक शोधायची बत्ती होती: निळी ज्योत, तिला जोडलेली रबरी नळी, नळीचं टोक जोडांजवळ फिरवायचं. गॅस गळत असेल तर ज्योत हिरवी होते. ज्योत निळीच राहिली, म्हणून ‘लीक नाही’ असा दाखला मिळाला. त्यातली गोम नंतर कळली. ज्योत हिरवी होते ती क्लोरिनमुळे. जुन्या आर-१२मध्ये क्लोरिन असतं, आर-१३४एमध्ये ते औषधालाही नाही. गॅस भसाभसा गळत असता तरी ती ज्योत निळीच राहिली असती. बत्ती खरी, कारागीरही खरा, फक्त गॅस बदललाय याची खबर बत्तीला नव्हती.

दुसऱ्या ठिकाणी व्हॅक्यूम मारून अर्धा तास काटा बघितला. हलला नाही, म्हणून पास. पण व्हॅक्यूममध्ये बाहेरून आत ढकलणारा दाब जास्तीत जास्त एका वातावरणाचा. गाडी चालू असताना आतून बाहेर ढकलणारा दाब त्याच्या दहा-पंधरा पट. बाहेरच्या बाजूने घट्ट दिसणारा जोड आतून ढकलला की सुटतो. लीक बघायचं तर कोरडा नायट्रोजन भरून बघायचं. मी १५० पीएसआय ठेवला. त्याहून जास्त कूलिंग कॉइलला सोसेलच असं नाही. रेग्युलेटर लावल्याशिवाय सिलिंडरला हात लावायचा नाही. ऑक्सिजन तर कधीच नाही, आतल्या तेलाशी त्याचा स्फोट होतो. टायरवाल्याची हवाही नको, तीत पाणीच पाणी असतं, म्हणजे ज्याला हाकलायचं त्यालाच पुन्हा आमंत्रण.

साबणाचा फेस लावला आणि दोन जागा सापडल्या. एक, कंप्रेसरकडून कंडेन्सरकडे (जिथे गरम गॅस थंड होऊन द्रव होतो) जाणाऱ्या रबरी पाइपचं क्रिम्प, म्हणजे टोकाला दाबून बसवलेला धातूचा जोड. तिथे बुडबुडे संथ, मोहरीएवढे. दुसरी जागा खरं तर फेसाशिवायही दिसली असती, जर आधी मान वर करून बघितलं असतं. बॉनेटच्या आतल्या बाजूला, कंप्रेसरच्या पुलीच्या बरोबर समोर, तेलाची एक आडवी रेघ उमटलेली होती. धूळ बसून काळी झालेली, बोटभर रुंद. शाफ्ट सीलमधून, म्हणजे कंप्रेसरच्या फिरत्या दांड्याभोवतीच्या सीलमधून, झिरपलेलं तेल फिरत्या क्लचने वर उडवलेलं. तुमच्या गाडीतही आजच बॉनेटखाली बघा, गेजच्याही आधी.

आता साखळी जुळली. सील आणि क्रिम्पमधून गॅस सावकाश गळतो. या जुन्या युनिटला प्रेशर स्विच नाही, त्यामुळे गॅस कितीही कमी झाला तरी क्लच पकडतच राहतो. गॅस कमी, लो बाजू व्हॅक्यूममध्ये. शाफ्ट सीलचा ओठ आतल्या दाबाने शाफ्टला चिकटून राहतो. आत व्हॅक्यूम झाला की फिरत्या शाफ्टवरची तीच पकड ढिली पडते आणि बाहेरची हवा आत. ती हवा जुलै-ऑगस्टची, पाण्याने जड झालेली. मग मी ‘कूलिंग कमी झालं’ म्हणून गॅस भरून घ्यायचो. दहा मिनिटांच्या उरकून टाकलेल्या व्हॅक्यूमने थोडं पाणी निघायचं, बरंचसं आतच राहायचं. गोठलेल्या व्हॉल्व्हमुळे पुन्हा व्हॅक्यूम, पुन्हा हवा आत. गळतीमुळे पाणी, पाण्यामुळे बर्फ, बर्फामुळे व्हॅक्यूम, व्हॅक्यूममुळे आणखी पाणी. दर वेळी भरलेला गॅस या चक्राला नुसतं वंगण घालत होता.

दुरुस्ती

गाडीत मुळात आर-१२ होता. तो सीएफसी जातीचा, आणि भारतात सीएफसीचं उत्पादन, दम्याच्या इन्हेलरसाठी लागणारं वगळता, १ ऑगस्ट २००८पासून थांबलं. तेव्हा आर-१२ शोधत फिरण्यात अर्थ नाही. कुणी ‘ओरिजिनल आर-१२’ म्हणून डबा पुढे केला तर मी हात जोडीन. काही स्वस्त डब्यांत चक्क घरगुती गॅसच्या जातीचा ज्वालाग्राही गॅस मिसळलेला असतो. कूलिंग फर्मास होतं, पण तो गॅस डॅशखाली, पायांशी, ठिणगी उडवणाऱ्या ब्लोअरच्या मोटारीशेजारी ठेवायची माझी तयारी नाही.

माझ्या आधीच्या मालकाने कधीतरी आर-१३४ए भरून घेतला होता, पण नुसता गॅसच बदलला. तेल जुनंच, खनिज. ते आर-१३४एमध्ये मिसळत नाही, कॉइलच्या तळाशी जाऊन बसतं आणि कंप्रेसर कोरडा पडतो. कॉइल उतरवल्यावर त्यातून चहाच्या रंगाचं पाऊण वाटी तेल निघालं. कंप्रेसरमध्ये मात्र जेमतेम तळाला.

शिल्लक गॅस रिकव्हरी मशिनने काढून घेतला (हवेत सोडू नका, आर-१३४ए ओझोनचं काही बिघडवत नसला तरी पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून पुढे आहे). कॉइल, कंडेन्सर आणि लोखंडी नळ्या फ्लशिंगच्या द्रावणाने धुऊन नायट्रोजनने सुकवल्या. कंप्रेसर, व्हॉल्व्ह आणि ड्रायर यांच्यातून फ्लश कधी मारायचा नाही, आणि पेट्रोल तर कशातूनच नाही. कंप्रेसरचं शाफ्ट सील माहितगार माणसाकडून बदलून घेतलं, त्याला खास हत्यार लागतं. रबरी पाइप सगळे नवे, बॅरिअर जातीचे (आतल्या अस्तरामुळे गॅस न झिरपणारे), जुने नमुन्याला देऊन नाना पेठेतून क्रिम्प करून आणले. ओ-रिंगा सगळ्या हिरव्या, आर-१३४एला चालणाऱ्या, तेलाचं बोट लावून बसवल्या. तेल एस्टर, १०० ग्रेडचं. पॅग तेलही चालतं, पण नळ्यांत जुनं खनिज तेल थोडंफार उरतंच, आणि एस्टर त्याच्याशी जमवून घेतं. तेल घातल्यावर कंप्रेसरचा हब हाताने दहा-बारा फेरे फिरवला, नाहीतर सिलिंडरमध्ये साठलेलं तेल पहिल्याच झटक्याला रीड व्हॉल्व्ह (पातळ पत्र्याच्या झडपा) मोडतं.

व्हॉल्व्ह नवा. ड्रायर नवा, आर-१३४एचा. त्याची टोपणं मी पंप जोडायची सगळी तयारी झाल्यावरच काढली. सकाळी टोपणं काढून बाटली बाकावर ठेवायची आणि दुपारी बसवायची, म्हणजे ती दुकानातच भिजवून आणल्यासारखं.

व्हॅक्यूम: इथे घाई नको

सगळ्या कामात मी सर्वाधिक वेळ घातला तो इथे. व्हॅक्यूमचं काम आतलं पाणी उपसून काढायचं नाही, ते उकळवायचं. दाब पुरेसा उतरला की पाणी साध्या उन्हाळी तापमानालाही उकळतं आणि वाफ होऊन पंपातून निघून जातं. ३० अंशांना पाणी उकळायला दाब सुमारे ४२ मिलिबारच्या खाली यावा लागतो.

आता पुण्याची गंमत. गेजवर ३० इंच लिहिलेलं असतं, आणि ‘२९ यायला पाहिजे’ असं सगळे सांगतात. ते समुद्रसपाटीचं गणित. पुणे सुमारे ५६० मीटर उंचावर, इथे वातावरणाचाच दाब २८ इंचांच्या आसपास. पंप कितीही भारी आणा, काटा २८च्या पुढे जाणारच नाही. उलट, इथे काटा २६वर अडकला आणि ‘चला, जवळपास झालं’ म्हणून सोडून दिलं, तर आत अजून इतका दाब आहे की पाणी ३८ अंशांच्या खाली उकळणारच नाही. दिसायला फरक दोन इंचांचा, पण त्याने पाणी जातं की राहतं ते ठरतं. मुंबईकरांनी अर्थातच २९च्या पुढेच बघायचं. ज्यांच्याकडे मायक्रॉन गेज (अगदी कमी दाब मोजणारं) आहे त्यांनी ५००च्या खाली उतरवावं आणि पंपाचा कॉक बंद करून आकडा वर पळतो का ते बघावं.

सिस्टिम गरम असेल तर पाणी लवकर सुटतं. म्हणून आधी इंजिन अर्धा तास चालवून बॉनेटखाली चांगलं तापवलं, मग गाडी उन्हात लावून दीड तास पंप चालवला. त्यानंतर कोरडा नायट्रोजन थोडा सोडला, अर्धा तास ठेवला, आणि पुन्हा एक तास पंप. शेजारच्यांनी ‘गॅस भरायला एवढा वेळ?’ असं विचारून घेतलं.

गॅस वजनावर भरला, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर डबा उलटा न करता उभा ठेवून, लो बाजूने, वाफेच्या रूपात. जुन्या कारागिरांची सवय ड्रायरच्या काचेतले बुडबुडे बघून भरायची. आर-१२ला ती चालायची, आर-१३४एला काच दगा देते. मुळात जेवढा आर-१२ बसायचा त्याच्या ८० ते ९० टक्के वजन हा आर-१३४एचा ढोबळ नियम. माझ्याकडे मूळ आकडाच नव्हता आणि कंडेन्सरही मूळचा नाही, म्हणून ५०० ग्रॅमपासून पुढे थोडा थोडा वाढवत गेजवर थांबलो. ६५० ग्रॅम. हातमोजे आणि चष्मा हवाच. द्रव गॅस डोळ्यात उडाला तर डोळा गोठतो.

शिवाय दोन स्विच लावले. ड्रायरवर दुहेरी प्रेशर स्विच, जो दाब साधारण २ बारच्या खाली किंवा २७च्या वर गेला की क्लच सोडतो. आणि सक्शन लाइनवर वेगळा लो स्विच, कारण व्हॉल्व्ह तुंबल्यावर हाय बाजूचा दाब तितका खाली येत नाही आणि ड्रायरवरचा स्विच गप्प बसतो. आता लो बाजू व्हॅक्यूमकडे निघाली की क्लच सुटतो, हवा आत ओढली जातच नाही. या दोन स्विचांचा खर्च एका गॅस भरण्याहून कमी आला. मुळात ते नव्हते म्हणूनच इतकं रामायण.

मे महिन्यात पुन्हा

एप्रिलभर एसी उत्तम. मेच्या पहिल्या आठवड्यात, चांदणी चौकात गाड्यांच्या रांगेत, हवा पुन्हा गरम. खरं सांगतो, त्या क्षणी गाडी विकायचा विचार आला.

पण या वेळी बॉनेट उघडलं तर चकती थांबलेली. लाकडी काठीच्या टोकाने चकतीला हलकेच ढकललं, ‘खट्’ करून तिने पकडलं आणि गार वारा सुरू. म्हणजे करंट येतोय, पण ओढ कमी पडतेय. मीटर लावला: बॅटरीवर १२.६, क्लचच्या वायरवर १०.४. दोन व्होल्ट गेले कुठे? जुना स्विच, थर्मोस्टॅटचा काँटॅक्ट, काळे पडलेले फ्यूजचे चिमटे आणि तीस वर्षांची वायर, प्रत्येकाने आपापला हप्ता घेतलेला.

क्लचची कॉइल थंड असताना ३.३ ओहम. बॉनेटखाली तापल्यावर तांब्याचा रोध वाढतो, तो ४च्या वर जातो. थंडीत पूर्ण व्होल्टेजवर पावणेचार अँपिअर मिळायचे, तिथे गरमीत कमी व्होल्टेजवर अडीच. चुंबकाची ओढ करंटच्या वर्गाने घटते, म्हणजे निम्म्याहूनही कमी उरली. त्यात चकती आणि पुलीमधली फट झिजून एक मिलिमीटरच्या पुढे गेलेली, ती ०.४ ते ०.८च्या दरम्यान हवी. चकतीमागची एक पातळ शिम काढून फट ०.५वर आणली. बॅटरीवरून जाड वायर, फ्यूज आणि रिले घालून क्लचला थेट करंट दिला. जुना स्विच आता फक्त रिले चालवतो. क्लचवर १२.३ व्होल्ट. काम दीड तासाचं, खर्च किरकोळ.

हे दुखणं आधीपासूनच होतं का? असणार. दुरुस्तीआधी बर्फ पहिला नंबर लावायचा, म्हणून क्लचची पाळीच येत नव्हती.

हीटर आणि बाकीचं थोडक्यात

आपल्याकडच्या पद्मिन्यांत हीटर क्वचितच दिसतो, माझ्या गाडीत कुणी हौशी मालकाने बसवलेला आहे. एसी दुरुस्त होऊनही डाव्या पायाशी ऊब जाणवत होती. हीटरचा कॉक बंद, तरी त्यापलीकडची नळी हाताला चटका देणारी, म्हणजे कॉक आतून गरम पाणी सोडतोय. एसी गार करतो आणि शेजारी हीटर गरम करतो, अशी घरातच जुंपलेली. बरेच जण दोन्ही नळ्या एकमेकींना जोडून हीटर कायमचा बाद करतात. मी कॉक बदलला, कारण पावसात घाट चढताना काचेवरची वाफ घालवायला हीटर आणि एसी एकत्र चालवण्यासारखा उपाय नाही: एसी हवा कोरडी करतो, हीटर ती ऊबदार करतो. हीटरचा कोअर सायट्रिक ॲसिडच्या कोमट पाण्याने धुतला. पहिली बादली गेरूच्या रंगाची निघाली.

इंजिन १०८९ सीसीचं, ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आसपास, त्यातली तीन-चार कंप्रेसर खातो. कंडेन्सरपुढे बिजलीचा पंखा लावून त्याची वायर क्लचच्या रिलेवर घेतली आहे, नाहीतर सिग्नलला हायचा काटा आणि रेडिएटरचा काटा हातात हात घालून चढतात. बोरघाट चढताना दुपारी मी अजूनही एसी बंद करतो. तेवढा मान इंजिनाला.

परवा ३६ अंशांत कोथरूड ते लोणावळा, जाळीत खोचलेला थर्मामीटर ९वर होता आणि शेवटपर्यंत ९-१०च्या पुढे गेला नाही. तळेगावला चहा प्यायलो, पण एसी चालू ठेवून गाडीतच.

ग्लव्ह बॉक्समध्ये पुठ्ठ्यावर एक चिठ्ठी चिकटवली आहे, पुढच्या गॅसवाल्यासाठी: ‘गॅस आर-१३४ए, ६५० ग्रॅम, वजनावर. तेल एस्टर १००. ड्रायर नवा, सिस्टिम उघडली तर पुन्हा नवा. कूलिंग गेलं तर गॅस भरू नये, आधी चकती फिरते का ते बघावं.’